नववा थांबा

ऑफिसात तिला सगळे शंका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. कुणी कितीही छातीठोकपणे काही सांगितलं, की ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "एक शंका आहे." मग अर्धा तास गेलाच म्हणून समजा. लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत असं एक तरी माणूस हवंच, असं सर म्हणायचे. बाकीचे म्हणायचे, एक आहे तेवढं पुरे.

सर म्हणजे तिथले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. कंपनीच्या प्रत्येक लिफ्टमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमचा सांगाडा त्यांनी वीस वर्षांपूर्वी एकट्याने सी भाषेत उभा केला होता. त्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक पाटी असे: 'माझ्या कोडमध्ये चूक दाखवा, चहा माझ्याकडून.' अकरा वर्षांत शंकाने तीन चहा कमावले होते, आणि तिन्ही वेळा सरांनी कप स्वतः कॅन्टीनमधून आणून तिच्यासमोर ठेवला होता.

अकरा वर्षांपूर्वी ती मुलाखतीला आली तेव्हा पॉइंटरच्या पेपरात दोनदा नापास झालेली होती. मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, तिची गुणपत्रिका वरवर बघून बाजूला ठेवली. सर मात्र उठले आणि तिला बाहेर दरवाजापाशी घेऊन गेले. तिथे भिंतीवर टपालाचे लाकडी कप्पे होते.

"हे कप्पे म्हणजे मेमरी," ते म्हणाले. "एकाला लागून एक असे आठ कप्पे तू राखून ठेवलेस, की तो झाला तुझा अ‍ॅरे. मोजायचं शून्यापासून, म्हणजे शून्य ते सात. आता या चिठ्ठीवर मी एका कप्प्याचा नंबर लिहितो. ही चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. चिठ्ठीत टपाल नसतं, टपाल कुठे आहे ते चिठ्ठी सांगते. एवढंच आहे. लोक उगाच घाबरतात."

"आणि मी नववा कप्पा उघडला तर?"

सर हसले. "उघडेल की. सी तुला अडवणार नाही. समोरचा माणूस शहाणा आहे असं ती धरून चालते. नववा कप्पा दुसऱ्या कुणाचा आहे, त्यातलं टपाल काढून तू तुझं कोंबलंस, तरी ती हूं की चूं करायची नाही. ज्याचं टपाल गेलं, त्याला कळेल. तेही उशिरा."

चार वर्षांच्या कॉलेजात जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे उभ्याउभ्या पाच मिनिटांत शिरलं. नोकरीही मिळाली. घरी ती आणि आई दोघीच. आईला कमी ऐकू येई, त्यामुळे बातमी तीनदा ओरडून सांगावी लागली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर आई म्हणाली, "सरांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस बाई." ती गेलीही नाही.

कंपनीचं एक गिऱ्हाईक जुनी कागदपत्रं साठवून ठेवायचं काम करी. त्यांच्या इमारतीत मालाची लिफ्ट होती. तळमजला आणि वर सात मजले, असे आठ थांबे. त्या वर्षी त्यांनी खालचं तळघर वापरायला काढलं आणि नववा थांबा हवा म्हणून कळवलं. त्या दिवशी सर दातांच्या डॉक्टरांकडे होते. अर्धा जबडा बधिर झालेला, फोनवर त्यांचे शब्द जेमतेम कळत होते.

"थांब्यांचा आकडा आठचा नऊ कर," ते म्हणाले. "बाकी कशालाही हात लावू नकोस."

"एक शंका आहे सर. कोणत्या थांब्यावरून बोलावणं आलंय त्याची नोंद ज्या अ‍ॅरेत होते, तोही आठचाच असेल ना?"

"तो मी केव्हाच मोठा करून ठेवलाय. तू आकडा बदल आणि मोकळी हो."

ती फाइल उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. तिने उघडली नाही. आठचा नऊ केला, फाइलच्या इतिहासात तारीख-वेळेसकट तिचं नाव उमटलं, नवा प्रोग्रॅम लिफ्टमध्ये गेला. लिफ्ट तळघरापर्यंत झोकात जाऊ लागली. तीन महिने कुणाची तक्रार नव्हती.

मग एका मंगळवारी मेकॅनिकचा फोन आला.

हा मेकॅनिक बारा वर्षं कंपनीच्या लिफ्ट सांभाळत होता. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी तिला ताई म्हणे. ती त्याला दादा म्हणे. ऑफिसातले बाकीचे त्याचे फोन टाळत, कारण तो बिघाड सांगायचा तो सोयरिकीतल्या माणसाची तक्रार सांगावी तसा. ही मोटर तोऱ्यात आहे, तो दरवाजा माझ्याशी बोलत नाही. शंकाला त्याच्या अशा बोलण्यातूनच नेमकं काय झालंय ते कळायचं.

"ताई, ही लिफ्ट आज माझ्याशी खोटं बोलली," तो म्हणाला. नेहमीसारखा हसला मात्र नाही. "मी टपावर होतो. तपासणीचा स्विच लावलेला. तरी निघाली."

लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करताना हा स्विच लावायचा असतो. तो लावला, की कुठल्या मजल्यावर कुणी कितीही बटणं दाबोत, लिफ्ट जागची हलत नाही. टपावरच्या माणसाच्या हातात जे बटण असतं त्यावरच ती हळूहळू सरकते. महागड्या लिफ्टमध्ये हा स्विच थेट मोटरची तारच तोडतो. या मालाच्या लिफ्टमध्ये मोठ्या साहेबांनी ती तार वाचवली होती. स्विच नुसता प्रोग्रॅमला निरोप द्यायचा.

"स्विच नक्की लागला होता?"

"ताई, बारा वर्षं टपावर उभा राहतोय. लावला होता. थांबवायचं लाल बटण हाताशी होतं म्हणून दाबलं, नाहीतर लिफ्ट आणि रुळाच्या मधे सापडलो असतो."

"निघाली ती कुठल्या बाजूला?"

"खाली. तळघराकडे."

"तळघरात कुणी होतं?"

"खोकी उतरवत होते वाटतं. का?"

"बघते," ती म्हणाली. "काही सापडलं तर कळवते तुम्हाला."

बुधवारी सकाळी तिने ती फाइल उघडली. अ‍ॅरे आठचाच होता. सरांनी तो कधीच मोठा केलेला नव्हता.

प्रोग्रॅममधली कुठली गोष्ट मेमरीच्या कितव्या कप्प्यात आहे, त्या सगळ्या पत्त्यांची यादी तिने कागदावर काढली आणि पेन्सिल घेऊन बसली. थांब्यांचा अ‍ॅरे सुरू होत होता चाळीसला, संपत होता सत्तेचाळीसला. त्याला खेटून अठ्ठेचाळीसावर तपासणीची खूण ठेवलेली होती. तपासणी चालू असली की त्या जागी दोन हा आकडा असे. तळघरात कुणी बटण दाबलं, की नवव्या थांब्याची नोंद करायला प्रोग्रॅम अ‍ॅरेच्या शेवटापुढे एक पाऊल टाकायचा आणि नेमका तिथे एक लिहायचा. दोन पुसला गेला, की लिफ्टच्या लेखी तपासणी संपली. शिवाय तळघरातून बोलावणं आलेलं. मग ती मुकाट खाली निघायची, टपावर माणूस असो वा नसो. एरवी, टपावर कुणी नसताना, त्याच जागी एक लिहिल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. म्हणून तीन महिने पत्ता लागला नव्हता.

कागद घेऊन ती सरांकडे गेली. आपण चौथा चहा कमावला, असं तिच्या मनात खरोखरच आलं होतं. पुढे कित्येक महिने तिला त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली.

सरांनी कागद वाचला. पेन्सिलीच्या खुणेवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो आपल्या खणात ठेवला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. आधी तुमच्याकडेच आले."

"बरं केलंस. बस." त्यांनी आवाज खाली आणला. "सोमवारी या कंट्रोलरच्या मान्यतेसाठी निरीक्षक येतायत. आत्ता प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदललं तरी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतील. त्या गिऱ्हाइकाच्या आणखी आठ इमारती आहेत, मोठे साहेब त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेत. आणि चार महिन्यांनी मी निवृत्त होतोय. पुढे मला सल्लागार म्हणून ठेवायचं की घरी बसवायचं, ते याच कामावर ठरणार आहे. तुला कळतंय ना?"

"पण सर, तोवर मेकॅनिक टपावर चढला आणि खाली कुणी बटण..."

"त्याला मी सांगतो. तळघराच्या बटणाची तार सोडवून ठेव म्हटलं की काम झालं. तू लेखी काही पाठवू नकोस. लेखी पाठवलं की लोक वाचतात."

"तुम्ही नक्की सांगाल?"

"अगं, अकरा वर्षांत मी तुला कधी तोंडघशी पाडलंय?"

गुरुवारी तिने मेकॅनिकला फोन लावायला घेतला. नंबर फिरवता फिरवता तिच्या मनात आलं, आपण सांगितलं तर तो इमारतीच्या सुपरवायझरला सांगेल, सुपरवायझर मोठ्या साहेबांना विचारेल, आणि सर समजतील की आपण त्यांच्या पाठीमागून गेलो. सर सांगणारच आहेत. तिने फोन ठेवून दिला. शुक्रवारी तिने फोनला हातही लावला नाही. सोमवारी निरीक्षक आले, बघून गेले, मान्यतेचा शिक्का बसला, सगळ्यांना पेढ्याऐवजी मोठ्या साहेबांचं भाषण मिळालं. मंगळवारी तिने सरांना विचारलं, "आता बदलायचं ना?"

"कालच शिक्का बसलाय, आज बदल कसा दाखवू? महिनाभराने दुरुस्त्यांबरोबर घालू."

"दादांशी बोललात?"

"हो हो," सर म्हणाले आणि कॅन्टीनकडे चालू लागले.

ते 'हो हो' कसं आलं ते तिने ऐकलं होतं. कुणा दुसऱ्याच्या तोंडून असं हो हो आलं असतं, तर तिने चष्मा कपाळावर सरकवला असता. त्या संध्याकाळी आईने विचारलं, "जेवत का नाहीस? सर रागावले का?" ती म्हणाली, "नाही गं, सर खूश आहेत."

त्या आठवड्याच्या शुक्रवारी, दुपारी पावणेबाराला, मेकॅनिक त्याच इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्टच्या टपावर उभा होता. रुळाच्या मागे अडकलेली चिंधी काढायला त्याने उजवा हात आत घातला होता. तपासणीचा स्विच लावलेला होता. खाली तळघरात कुणीतरी नवी खोकी वर न्यायला बटण दाबलं. लाल बटण त्याच्या डाव्या हाताला पोचण्याआधी लिफ्ट निघाली होती. डॉक्टरांनी हात कोपराखालून काढला.

सुपरवायझरचा फोन आला तेव्हा शंका धावत सरांच्या टेबलाशी गेली.

"तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फोन लागला नाही."

"नऊ दिवस?"

"आवाज खाली कर," सर म्हणाले.

सोमवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये घडामोडींची नोंद आपोआप होत असते. ती काढून बघितली होती. अपघाताच्या क्षणी तिथे लिहिलेलं होतं: तपासणी बंद. "म्हणजे त्याने स्विचच लावला नाही," साहेब म्हणाले. "जुना माणूस, वाईट वाटतं. पण निष्काळजीपणाला कंपनी काय करणार?" एक-दोघांनी मान हलवली. सर हातातल्या पेनाचं टोपण लावत-काढत होते.

दुपारी तिने फाइलचा इतिहास उघडला. त्याच सकाळी सरांनी अ‍ॅरे आठचा नऊ केला होता. शेजारी कारण लिहिलं होतं: किरकोळ साफसफाई.

जिन्यावर सरांनी तिला गाठलं. ते रागावलेले नव्हते. पहिल्या दिवशी टपालाच्या कप्प्यांपाशी होते तसेच मायेने बोलत होते. "हे बघ, तू बोललीस, तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. तुला कळलं होतं, मग नऊ दिवस काय केलंस? काय सांगशील? न बोललीस तर कुणी तुझ्याकडे बघणारही नाही. मेकॅनिकचा हात काही परत येणार नाही. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

ते बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

संध्याकाळी ती रुग्णालयात गेली. वॉर्डात जायचा धीर झाला नाही. बाहेरच्या बाकावर मेकॅनिकची बायको मांडीवर त्याचे बूट घेऊन बसली होती. शंकाच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून ती उठली.

"तुम्ही ऑफिसातल्या ना? त्या ताई तुम्हीच का? हे तुमचं नाव काढतात सारखं. झोपेतसुद्धा एकच बोलतायत हो, स्विच लावला होता, स्विच लावला होता. तुमचे साहेब येऊन सांगून गेले, नोंद खोटं बोलत नाही म्हणून." ती बूट एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. "माझा माणूस भांडतो, उशिरा येतो, सगळं खरं. पण खोटं बोलत नाही. हे कुणीतरी सांगा ना त्यांना."

चौकशीसाठी बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. शंकाने त्यांना एका ओळीचं पत्र लिहिलं: अपघातातला कंट्रोलर काढून चौकशीच्या खोलीत आणावा, मला एक गोष्ट दाखवायची आहे. अकरा वर्षांत सरांना न विचारता तिने लिहिलेलं हे पहिलं पत्र.

खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला मोठे साहेब आणि सर, समोर परीक्षक बाई. कंट्रोलरमध्ये अजून अपघाताच्या वेळचाच प्रोग्रॅम होता. शंकाने त्याला नऊ बटणं जोडली, तपासणीचा स्विच जोडला आणि मोटरच्या जागी एक बल्ब लावला. बल्ब पेटला तर लिफ्ट निघाली, असं सांगितलं. स्विच लावला. मग तिने पहिलं बटण दाबलं. दुसरं. तिसरं. एकेक करत आठ. बल्ब थंड.

"यात काय बघायचं?" साहेब म्हणाले.

तिने नववं दाबलं. बल्ब पेटला.

परीक्षक बाई उठून जवळ आल्या आणि तपासणीच्या स्विचवर बोट ठेवून तो लागलेला आहे याची खात्री केली. मग त्यांनी स्वतः पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. बल्ब पुन्हा पेटला. त्यांनी नोंद बघितली. तिथे आलं होतं: तपासणी बंद.

"म्हणजे मेकॅनिकने स्विच लावला होता," त्या म्हणाल्या.

"लावला होता," शंका म्हणाली. मग तिने कप्पे, अ‍ॅरे, शेजारची खूण, दोनच्या जागी एक, सगळं सांगितलं. सांगताना आवाज स्थिर राहिला. शिकवलंच होतं तसं सरांनी.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"अपघाताच्या नऊ दिवस आधी."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाला सांगितलंत?"

"सरांना. पत्त्यांचा कागद दिला होता, तो त्यांच्या खणात आहे."

शिपायाला पाठवून खण आणवला. त्यात पेनं होती, दाताचा एक्स-रे होता, गोळ्यांची पाकिटं होती. कागद नव्हता.

"मला असं काही आठवत नाही," सर म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. आठवत नाही म्हणाले. "ही गुणी मुलगी आहे, मीच तयार केलेली. या सगळ्याने तिच्या मनावर ताण आलाय. अपघात झाल्यावर मी सगळं कोड पुन्हा वाचलं, चूक दिसली, दुरुस्त केली."

"किरकोळ साफसफाई म्हणून?" परीक्षक बाई फाइलचा इतिहास चाळत म्हणाल्या.

"त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं हो. थांब्यांचा आकडा कुणी बदलला ते इतिहासात आहेच. अ‍ॅरेही बघून घे, असं मी तिला फोनवर बजावलं होतं. माझा दोष एवढाच, की तिचं काम मी आधी तपासलं नाही."

ते तिच्याकडे बघून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं असं तिला अजूनही वाटतं. माणूस स्वतःवर येणारं संकट टाळताना खराखुरा रडूही शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

अहवाल दीड महिन्याने आला. मेकॅनिकने स्विच लावला होता, त्याच्यावर कसलाही ठपका नाही. चूक थांब्यांची संख्या बदलणाऱ्या प्रोग्रॅमरची. शिवाय तिच्याच कबुलीप्रमाणे धोका कळूनही तिने नऊ दिवस तो कुणाला लेखी कळवला नाही. वरिष्ठांना तोंडी सांगितल्याचा पुरावा आढळला नाही. अशा यंत्रांवर तिला पुन्हा काम देऊ नये. कंपनीने त्याच संध्याकाळी तिला टेबल रिकामं करायला सांगितलं. शेजारच्या टेबलांवरचे सगळे एकदम कामात गढून गेले. सर त्या दिवशी रजेवर होते. पुढे ते ठरल्या तारखेला निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सल्लागार म्हणून येऊ लागले. नवीन मुलांना मेमरी कशी सांभाळायची ते तेच शिकवतात. चांगलं शिकवतात म्हणे.

आईला तिने इतकंच सांगितलं, की कंपनीत काम कमी झालंय.

"सरांना एकदा फोन कर," आई म्हणाली. "ते काहीतरी मार्ग काढतील."

"करते," ती जोरात म्हणाली, ऐकू जावं म्हणून.

मेकॅनिक घरी आल्याचं कळल्यावर ती गेली. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. दार बायकोने उघडलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "या ताई, या. तुमच्यामुळे यांच्या नावावरचा डाग गेला. नाहीतर आयुष्यभर लोक म्हणाले असते, स्वतःच्या चुकीने हात घालवला." तिने पाणी आणलं, मग चहा टाकायला आत गेली.

मेकॅनिक खिडकीपाशी बसला होता. उजव्या बाहीला सेफ्टी पिन लावलेली. समोर नुकसानभरपाईचा एक फॉर्म आणि पेन पडलं होतं. डाव्या हाताने काढलेली दोन-तीन वेडीवाकडी अक्षरं कडेला दिसत होती.

"अहवाल वाचला मी," तो म्हणाला.

ती बसली नाही.

"नऊ दिवस."

"हो."

"मी तुमच्या फोनची वाट बघत होतो. रोज. मग म्हटलं, ताईंचा फोन आला नाही म्हणजे काही नसणार. एवढ्यातेवढ्यात शंका काढणारी बाई, धोका असता तर गप्प बसली असती का? म्हणून चढलो." त्याचा आवाज चढला नव्हता. "ते बटण सोडवायला दोन स्क्रू काढायला लागतात, ताई. दोन."

"सरांनी सांगतो म्हटलं होतं."

"सरांनी मला बारा वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. त्यांना माझा नंबर तरी माहीत असेल का? आणि हे तुम्हाला ठाऊक होतं."

तिला ठाऊक होतं. ऑफिसात त्याचा नंबर फक्त तिच्याच डायरीत होता.

आतून कपबशांचा आवाज येत होता. मग त्याने फॉर्म डाव्या हाताने तिच्याकडे सरकवला. "आलाच आहात तर हे भरून द्या. बायकोचं अक्षर लागत नाही त्यांना. माझं तर बघताच आहात."

ती खाली बसली आणि भरू लागली. वय. काम किती वर्षं केलं. कोणता हात. तो सांगत होता, ती लिहीत होती. अपघाताचं कारण, या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

"काय लिहू?"

"तुम्हालाच माहीत."

पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"लिफ्टचा बिघाड, असं लिहा," शेवटी तोच म्हणाला. "ते लोक याच्या पलीकडे काही वाचत नाहीत."

तिने लिहिलं. त्याने फॉर्म घेतला, ओळीवरून ओळ नीट वाचला आणि उशीखाली ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाला, "पुन्हा येऊ नका. तिला त्या नऊ दिवसांचं सांगितलेलं नाही मी. चौकशीत एक तरी माणूस आमच्या बाजूने उभं राहिलं, एवढ्याच आधारावर ती दिवस काढतेय. तो आधार तिच्याकडे असू दे."

बायको चहा घेऊन आली. शंकाने उभ्याउभ्या चार घोट घेतले. चहा गरम होता, जीभ पोळली. बायको दारापर्यंत सोडायला आली, जिन्याच्या तोंडाशी थांबली.

"येत जा हं ताई अधूनमधून," ती म्हणाली. "यांनाही बरं वाटतं."

"येते," ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली.